खडू पूजेत बसला तो दिवस

आम्ही साताऱ्याहून चेन्नईला आलो आणि माझी मुलगी शाळेत बोलेनाशी झाली. जून गेला, जुलै गेला, ऑगस्टही संपत आला. घरी बडबड नुसती! चपला काढायच्या आधी सुरू व्हायची ती जेवताना घास अडकेपर्यंत. पण शाळेच्या फाटकातून आत पाऊल टाकलं की ओठ मिटले ते मिटले. हजेरीला नुसता हात वर करायची. प्यायला पाणी हवं असेल तर बाटली दाखवायची. मिसने प्रश्न विचारायला उभं केलं तर उभी राहायची आणि बस म्हणेपर्यंत तशीच उभी. ती तेव्हा पाचवीत होती.

नवऱ्याला गाड्यांच्या कारखान्यात चांगली जागा मिळाली म्हणून आम्ही आलो होतो. तो पहाटे कंपनीच्या बसने शहराबाहेर जायचा तो संध्याकाळी उगवायचा. मी घरी बसून पुण्याच्या एका ऑफिसचं काम करायचे. घर अण्णा नगरात घेतलं, कारण ज्याला विचारावं तो म्हणे, शाळा हव्यात तर अण्णा नगर. शाळा होत्या खऱ्या. सकाळी रस्त्यावर निम्मे गणवेश आणि निम्म्या रिक्षा. मुलीची शाळा मुलींचीच, शिकवणं इंग्रजीत आणि मधल्या सुट्टीतला सगळा कारभार तमिळमध्ये. माझ्या मुलीचं इंग्रजी पुस्तकातलं आणि तमिळ शून्य. पहिल्याच दिवशी ती कुणाशी तरी हिंदीत काहीतरी बोलली आणि वर्ग हसला. मुलं हसायचीच, त्यात विशेष काही नव्हतं. पण हिने ते मनावर घेतलं.

शेवटी डॉक्टरकडे नेलं. मुलांच्या मनाचं बघणाऱ्या एक बाई होत्या, शांत, चष्मा कपाळावर. त्यांनी तासभर हिच्याबरोबर जमिनीवर बसून ठोकळे रचले. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, की हिचा घसाही चांगला आहे आणि डोकंही. भीती बसलीय. बोल बोल म्हणून मागे लागू नका. आणि मग विचारलं, "शाळेत खेळ आहे ना? चित्रकला, गाणं? जिथं बोलावं लागत नाही तिथं तिला चार मुलांत मिसळू दे. बोलणं मागून येईल."

मी खूश. फ्रिजवर वेळापत्रक डकवलेलंच होतं. आठवड्यात दोन तास पीटी, एक चित्रकला, एक गाणं, प्रत्येक तासाला वेगळा रंग. पीटी हिरवा, चित्रकला नारिंगी. म्हटलं, चला, औषध घरातच आहे.

संध्याकाळी सहज विचारलं, "आज पीटीत काय केलंत गं?"

"भागाकार," ती म्हणाली.

"पीटीत?"

"पीटीला मॅथ्स मिस येते ना."

"आणि चित्रकलेत?"

"सायन्सच्या आकृत्या. फुलाचे भाग."

"गाण्याला?"

"गाण्याची मिस अ‍ॅन्युअल डेच्या आधी येते." हे सगळं तिने बिस्कीट चहात बुडवता बुडवता सांगितलं. तिला त्यात काही वावगं वाटतच नव्हतं. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, ज्या तासांना बोलावं लागत नाही, नेमके तेच तास खाल्ले होते यांनी! मुकी मुलगी भागाकाराच्या तासाला मुकीच दिसणार, दुसरं काय होणार तिथं? पळायच्या तासाला ती इतरांसारखीच एक दिसली असती. चित्राच्या तासाला तर बोलणाऱ्यालाच गप्प बसवतात. मी हे सगळं नवऱ्याला ऐकवलं. तो दमून आलेला, म्हणाला, "आमच्याही शाळेत पीटीला गणितच घ्यायचे." मी म्हटलं, "म्हणून तर तुझं पोट असं सुटलंय." तो शर्ट खाली ओढत आत गेला.

सप्टेंबरात पालकांची सभा झाली. मुख्याध्यापिकाबाईंनी मला थांबवून घेतलं, कॉफी मागवली, फार गोड बोलल्या. लेखी परीक्षेत तुमची मुलगी उत्तम आहे, म्हणाल्या, पण तोंडी परीक्षेत शून्य. एका विषयात नाही, सगळ्यात. दसऱ्याच्या सुट्टीनंतर दुसरं सत्र सुरू होतंय. त्याच्या पहिल्या आठवड्यात वर्गात बोलली नाही तर तिला चौथीत बसवू. लहान मुलांत तिला सोपं जाईल. तिच्या भल्यासाठीच म्हणते.

चौथीत! गणितात पैकीच्या पैकी काढणाऱ्या पोरीला! मी कॉफी तशीच ठेवून उठले. त्याच क्षणी मनाशी ठरवलं, की हिला खाली बसवलं तर मी हिला घेऊन साताऱ्याला आईकडे जाणार. जुन्या शाळेत घालणार. नवऱ्याने इथं राहावं, महिन्या-दोन महिन्यांनी यावं. रात्रीच्या जेवणाला हे त्याला सांगितलं तेव्हा तो ताटातला भात नुसता कालवत राहिला आणि म्हणाला, "आणि मी काय करू इथं एकटा?" लग्न झाल्यापासून आम्ही वेगळे राहिलेलो नव्हतो. कुणी पाचवीतून चौथीत जाणार म्हणून आमचं घर मोडणार होतं.

पण त्या सभेच्या दिवशी आणखी एक झालं, ते सांगायलाच हवं. मुख्याध्यापिकांच्या खोलीतून मी तणतणत बाहेर आले. मुलगी बाकावर बसली होती आणि तिच्या शेजारी तिची वर्गशिक्षिका, म्हणजेच ती मॅथ्स मिस, उभी. पन्नाशीची, सावळी, सुती साडी, केसात मोगरा. मी मुलीचा हात धरला आणि त्या बाईकडे बघून छान हसले. हसता हसता मराठीत म्हणाले, "हीच ना गं ती? पीटीचे तास गिळून ढेकर न देणारी? दिसतेय बघ कशी साळसूद. मैदानावर एकदा पळवायला पाहिजे हिलाच, म्हणजे कळेल." चेन्नईत राहणाऱ्या आमच्यासारख्यांची ही सवयच. बाजारात, रिक्षात, लिफ्टमध्ये, समोरच्याच्या तोंडावर मराठीत बिनधास्त टीका करायची. कोण समजतंय इथं?

ती बाई म्हणाली, "मला समजतें हो."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"आम्ही तंजावरकडचे," ती म्हणाली. "घरांत मराठीच बोलतों. माझ्या अम्माला तर तमिळ वाचतां येत नव्हतें." शब्द सगळे माझेच होते, पण चाल तमिळ, वाक्य शेवटाला वर चढणारं. काही शब्द मी फक्त जुन्या पत्रांत पाहिले असतील. शेकडो वर्षांपूर्वी आमच्याकडून इकडे आलेली माणसं, त्यांच्या घरात अजून हे बोललं जातंय! शरमेने कान लाल झाले होते तरी मी आ वासून ऐकत राहिले. मग ती म्हणाली, "कोप करूं नका. मी घेतें ते तास, खरें आहे. पण आत्तां सभेंत ऐकलेंत ना पालक काय म्हणाले? आणखी गणित हवें, आणखी. खेळ मागणारा एकही नव्हता. पुस्तकाचा भाग पुरा झाला नाही तर विचारणार मलाच."

खरंच कुणी मागितला नव्हता. एका बापाने तर वार्षिक समारंभाच्या तालमींमुळे अभ्यास बुडतो म्हणून तक्रार केली होती.

त्या मिसने मग मुलीपुढे वाकून विचारलं, "तुला समजतें की मी बोलतें तें?" मुलीचे डोळे एवढे झाले! तिच्या वर्गात, तिच्या शाळेत, कुणीतरी मराठी बोलत होतं. मला वाटलं, सुटलो आपण. आता ही बोलेल. दुसऱ्या दिवसापासून ती बाई वर्गात तिला अधूनमधून मराठीत काहीतरी विचारायची. डबा खाल्लास की, बरें वाटतें की. मुलगी मान हलवायची. मान, आणि फक्त मान. मराठीतसुद्धा एक अक्षर नाही. तेव्हा मात्र माझं धाबं दणाणलं. भाषेचा प्रश्न असता तर सोडवता आला असता.

असे दिवस जात होते आणि नवरात्र आलं.

इथं नवमीला सरस्वतीपूजा आणि आयुधपूजा एकाच दिवशी. आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुजतात तसंच, पण इथला थाटच वेगळा. बसला केळीचे खुंट बांधतात, रिक्षाला झेंडूची माळ, लाँड्रीवाल्याच्या इस्त्रीला गंध. फाटकाशी कोहळा फोडतात. आणि मुलांच्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट, पुस्तकं पूजेत ठेवतात. एकदा ठेवली की दशमीला उचलेपर्यंत वाचायचं नाही, लिहायचं नाही. देवीची आज्ञाच तशी, त्यामुळे आईबापांचंही काही चालत नाही. शाळेला पुढे सुट्टी असते म्हणून आमच्या शाळेत ही पूजा आदल्या दिवशीच उरकतात. मुलं नटून येतात, पालकांनाही बोलावतात.

मी माझ्या मुलीला परकर-पोलकं नेसवून नेलं. आत गेले आणि फाटकाशीच थबकले. शाळेतल्या सगळ्या मुली पट्टुपावाडैमध्ये, म्हणजे रेशमी परकरात! हिरवे, जांभळे, पिवळेधमक, जरीचे काठ हातभर. डोक्यात मोगरा, हातात बांगड्या. रोजच्या करड्या गणवेशातली हीच मुलं, यावर विश्वास बसेना. आणि त्या रंगात माझी साताऱ्याची परकरातली मुलगी शिरली आणि दिसेनाशी झाली. पहिल्यांदाच मला तिला गर्दीत शोधावं लागलं.

सभागृहात देवीपुढे काय काय मांडलं होतं! पुस्तकांच्या चळती, त्यावर हळदीकुंकू. संगणकाचा एक कीबोर्ड, प्रयोगशाळेतला तराजू, शाळेची घंटा वाजवायचा दांडा. खडूचा अख्खा खोका आणि डस्टर, त्यालाही चंदनाचा टिळा. मग एका बाजूला पाहिलं आणि हसावं की रडावं कळेना. पीटीच्या सरांनी खोलीतलं सगळंच्या सगळं सामान आणून मांडलं होतं. फुटबॉल, दोरीवरच्या उड्यांच्या दोऱ्या, रिंगा, बॅडमिंटनच्या रॅकेटी, हवा भरायचा पंप, त्यांची शिट्टीसुद्धा. प्रत्येक चेंडूला गंध आणि फूल. चेंडू कोरे करकरीत होते, अजून वरची चकाकी गेलेली नव्हती. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या मुलीने तिच्या आईला तमिळमध्ये काहीतरी विचारलं आणि आई हसली. मी मिसकडे पाहिलं. ती खालच्या आवाजात म्हणाली, "विचारते, अम्मा, आपल्या शाळेंत चेंडू आहेत?"

मी तोंडाला पदर लावला. पूजा करायची, पण हात लावायचा नाही, असली आयुधं!

आरती झाली. द्रोणात सुंडल म्हणजे खोबरं घातलेली चण्याची उसळ, चुरमुरे, गूळ मिळाला. आणि मग पंचाईत झाली. स्कूल बस यायला दोन तास अवकाश होता. मुलं वर्गात गेली. माझ्या मुलीच्या वर्गाच्या दाराशी मी उभी होते. मिस सवयीने फळ्याकडे वळली, हात खडूच्या खाचेत गेला. खाच रिकामी. पुस्तक घ्यावं तर पुस्तकं देवीपुढे. वही घ्यायची नाही, पेन धरायचं नाही. बाई रिकाम्या हातांनी फळ्यापुढे उभी, आणि पुढ्यात रेशमी परकरांनी खचाखच भरलेला वर्ग, तोही चुरमुरे खाऊन ताजातवाना झालेला. कुणीतरी मागून म्हणालं, "मिस, ग्राउंड?" सगळ्यांनी एकदम श्वास धरला.

मिसने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही, शपथ. पण माझं तोंड बोलत असणार.

"गो," ती म्हणाली.

बापरे! दारातून तो लोंढा आला तेव्हा मी भिंतीला चिकटले म्हणून वाचले. मैदानावर पीटीचे सर एकटेच उभे होते, खाली हात. चेंडू पूजेत, दोऱ्या पूजेत, शिट्टी पूजेत. द्यायला त्यांच्याकडे काहीच नव्हतं. त्यांनी क्षणभर डोकं खाजवलं, मग दोन्ही हात वर केले आणि ओरडले, "खो-खो!"

मीही शाळेत खो-खो खेळलेली, साताऱ्याची आहे मी. तो शब्द ऐकून माझ्याच अंगावर काटा आला. आपला खेळ! पण तिथं कुणाला तो परका नव्हताच. त्या मुलींनी परकर कमरेला खोचले, चपला कडेला फेकल्या, एका टोकाला ध्वजाचा खांब आणि दुसऱ्या टोकाला कडुनिंबाचं झाड धरून मधल्या रेषेवर उकिडव्या बसल्या, एक इकडे तोंड करून, एक तिकडे. कुणी शिकवलं होतं यांना? पीटीचा तास तर कायम गणिताचा. गल्लीत, गच्चीवर, आजोळी, कुठंतरी शिकल्या होत्या. त्या रेषेत मधोमध माझी मुलगी बसली होती. कुणी तिला बसवलंही नव्हतं. जागा दिसली, बसली.

मिस आणि मी पायऱ्यांवर टेकलो. ऊन चढलं होतं, अंगाची काहिली होत होती, पण तिथून हलावंसं वाटेना. सरांनी टाळी वाजवली आणि खेळ सुरू झाला. काय सांगू तुम्हाला! मी खूप सामने पाहिलेत, मोठ्या मैदानांवरचे, पण असं कधी पाहिलं नव्हतं. बांगड्या वाजताहेत, मोगऱ्याचे गजरे सुटून मातीत पडताहेत, जरीचे काठ धुळीने माखताहेत. एक जाडीशी मुलगी, जी पूजेत पंख्याखाली बसून होती, ती अशी झुकांडी देत सुटली की तिला एकीमागून एक तीन जणी धरू शकेनात. वर्गात शेवटच्या बाकावर पेंगणारी कुणीतरी, मिसने बोट करून दाखवली, ती झाडाला वळसा घालताना जमिनीला जवळजवळ आडवी होत होती. मिस एकेकीकडे बोट करत होती आणि म्हणत होती, "ही? ही ती?" जूनपासून ज्यांना शिकवलं त्या मुली ती पहिल्यांदा पाहत होती. माझंही तेच झालं होतं. एवढं सगळं या अंगांत होतं आणि आपण ते बाकावर बसवून ठेवलं होतं! मी थक्क होऊन पाहत होते, दुसरा शब्द नाही.

एवढ्यात माझ्या मुलीला खो मिळाला.

पाठीवर थाप पडली आणि ती उठली. उठली म्हणजे काय, कधी बसली होती असं वाटेना. पळणारी मुलगी दोन हातांवर होती, ती चटकन रेषा ओलांडून पलीकडे गेली. आता पाठलाग करणारीला रेषा ओलांडता येत नाही. तिने पलीकडे तोंड करून बसलेल्या मुलीला मागून खो द्यायचा, हात लावून, मोठ्याने. मोठ्याने म्हटलं नाही तर तो खोच नव्हे. माझ्या मुलीने एका दोन वेण्यांच्या मुलीच्या पाठीवर हात ठेवला.

आवाज नाही.

वेणीवाली ढिम्म. नियमाप्रमाणे तिने हलायचंच नव्हतं. पलीकडे पळणारी थांबली, कमरेवर हात ठेवून वाट पाहू लागली. सगळ्या ओरडत होत्या, खो दे, खो दे! माझी मुलगी तिथून पुढे पळाली, पुढच्या मुलीच्या पाठीवर थाप मारली. ओठ हलले. आवाज नाही. तीही हलली नाही. मी पायरीवरून अर्धी उठले. "अगं ओरड की!" माझ्या तोंडात आलं होतं, पण मिसने माझं मनगट पकडलं. घट्ट. "बोलूं नका," ती म्हणाली. "तिचें तिला करूं द्या." मी खाली बसले. मला वाटलं, संपलं. आता ही तिथंच रडेल, आणि उद्या मी सामान बांधायला घेईन.

मुलगी रेषेत उभी राहिली. चेहरा लालबुंद. आणि मग मी पाहिलं, की ती घाबरलेली नाही. तिला राग आला होता. माझा राग तिच्या चेहऱ्यावर मी ओळखते, तो माझ्याच घराण्यातला आहे. ती सुसाट पुढच्या मुलीकडे गेली, तिच्या पाठीत असा धपाटा घातला की इथं ऐकू आला, आणि ओरडली, "खो! एंदिरी डी!"

ऊठ गं! तमिळमध्ये! तिला तमिळ येत होतं हे मला ठाऊक नव्हतं. जन्म देणाऱ्या आईला ठाऊक नव्हतं. इतके महिने तोंड मिटून ती ऐकत होती, एकेक शब्द आत ठेवत होती, आणि तिच्या तोंडून शाळेत पहिलं निघालं ते हे. ती मुलगी दचकून बाणासारखी सुटली आणि पलीकडची कमरेवर हात ठेवलेली बाद झाली.

आणि कुणालाही काही वाटलं नाही! एकाही मुलीने वळून पाहिलं नाही, की अरे, ही बोलली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांना गडी बाद झाल्याचं कौतुक. खेळ पुढे गेला. ती पुन्हा रेषेत बसली, पुन्हा उठली, पुन्हा खो, पुन्हा खो, घसा फुटेपर्यंत. रडत होतो आम्ही दोघी, पायरीवर बसून, एक साताऱ्याची आणि एक तंजावरची, एकमेकींचं मनगट धरून. मला तर हुंदका आवरेना. त्या बाईने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "वर्गांत बसते ती लेक ही नव्हे." मी म्हटलं, "मिस, हीच आमची. ती तुमची." बोलून गेले आणि वाटलं, जरा लागेल असं बोलले. पण तिने मान डोलावली.

मुख्याध्यापिकाबाईंना मी लगेच जाऊन सांगितलं. त्या मनापासून खूश झाल्या, मला सुंडलाचा आणखी एक द्रोण दिला. पण म्हणाल्या, मैदान ते मैदान. तोंडी परीक्षा वर्गात होते. वर्गात बोलू दे, मग बघू. त्यांचंही चुकत नव्हतं कदाचित, पण माझा जीव अर्धाच भांड्यात पडला. घरी येताना मी मुलीला विचारलं, "तमिळ कुठून आलं गं तुला?" ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "ऐकून." आणि मग, "आई, आमचा डाव अर्धाच राहिला. बस आली." वर्गात बोलशील का, हे मी तिला विचारलं नाही. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, मागे लागू नका. ते पाळायला मला किती जड गेलं ते माझं मला माहीत.

सुट्टीभर मी सूटकेस पलंगाखालून अर्धी ओढून ठेवली होती. भरली नाही आणि आत ढकललीही नाही. नवरा येता-जाता तिला ठेचकाळायचा आणि पाय चोळत पुढे जायचा.

शाळा सुरू झाली. पहिला दिवस काही नाही. घरी आल्यावर मी चेहरा वाचायला बघितला, ती बिस्कीट बुडवत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी कामात होते तेव्हा फोन वाजला. मिसचा. मी विचारलं, "काय झालं? पडली का?"

"तुमची लेक बोलली," ती म्हणाली. "वर्गांत."

मी समोरचा लॅपटॉप मिटला. "काय बोलली?"

ती म्हणाली, "पीटीचा तास होता. मी गेलें नेहमीसारखी. अपूर्णांक काढले. तर ही उभी राहिली. मीं तिला उभें केलें नव्हतें, आपणहून. आणि सगळ्या वर्गापुढें म्हणाली, 'मिस, धिस इज पीटी पीरियड.'"

मला हसू आणि रडू एकदमच आलं. "मग तुम्ही काय केलंत?"

"मीं म्हटलें, मला ऐकूं आलें नाही, परत सांग."

"मिस!"

"खरें तर ऐकूं आलें होतें हो. मला परत ऐकायचें होतें. तिनें परत सांगितलें. पहिल्यापेक्षां मोठ्यानें. मग मीं हेडमिस्ट्रेसकडे जाऊन सांगितलें, माझ्या वर्गांत तोंडी परीक्षा आत्तांच झाली. पूर्ण वाक्य, शुद्ध उच्चार, सगळ्यांसमोर. चौथीचें नांव काढूं नका."

"आणि गुण?" मी विचारलं.

"पैकीच्या पैकी दिले," ती म्हणाली. "आतां ठेवूं का फोन? सगळीं मैदानावर गेलीं आहेत, मला बघायला जायचें आहे."